जाहिरातसंस्थेच्या बिलातील ‘प्रिंटआउट’ : खर्च की विक्री?

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेरा गावच्या रहिवाशाने ग्रामपंचायतीच्या दप्तरातील एखाद्या नोंदीची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागितली, तर महाराष्ट्राच्या नियमांनुसार त्याला अर्जाचे १० रुपये आणि प्रत्येक पानाचे २ रुपये भरावे लागतात. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल, तर हे शुल्कही माफ असते. २००५ च्या या कायद्याच्या सातव्या कलमाने आणखी एक बंधन घातले आहे. प्रतींचे शुल्क कळवताना ती रक्कम कशी काढली, याचा हिशेबही माहिती अधिकाऱ्याने अर्जदारास द्यावयाचा असतो. पानाची किंमत आणि त्या किमतीमागील हिशेब, दोन्ही गोष्टी पैसे भरण्यापूर्वी अर्जदाराला कळतात.

मुंबईतील जाहिरात व संकल्पन संस्थांच्या बिलांत हीच गोष्ट इतकी सरळ नसते. जाहिरातीची संकल्पना, मजकूर, मांडणी, छायाचित्रण यांच्या मोठ्या रकमांखाली ‘प्रिंटआउट व झेरॉक्स’ अशी एक ओळ येते. तिच्यापुढे काही हजारांचा आकडा असतो. ही पाने कोणी मागितली, किती निघाली, कोणत्या दराने लावली, असे प्रश्न ग्राहक कंपनीच्या लेखा विभागातून सुरू होतात आणि त्या एका ओळीपायी संपूर्ण बिल महिनाभर अडून राहते. मोठ्या संस्थेला हा विलंब सोसतो; पाच-दहा माणसांच्या संस्थेचा त्या महिन्याचा पगारच त्यात अडकू शकतो. म्हणूनच ही किरकोळ दिसणारी रक्कम नीट समजून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

बाहेरचे काम आत कसे आले?

गिरगावात १९०५ मध्ये सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरातसंस्थांपैकी एक मानली जाते. तेव्हापासून अनेक दशके जाहिरातसंस्थांच्या अर्थकारणाचा पाया कमिशन हाच होता. वृत्तपत्रातील जागेच्या किमतीवर मान्यताप्राप्त संस्थेला १५ टक्के मिळत आणि त्यातून संकल्पना व मांडणीचा खर्च भागे. अक्षरजुळणी, ब्लॉक, ब्रोमाइड, कलर प्रूफ ही कामे बाहेरच्या व्यावसायिकांकडे जात. त्यांचे बिल येई आणि त्यावर आपला आकार लावून संस्था ते ग्राहकाला पाठवी. प्रत्येक खर्चामागे तिसऱ्या कोणाचा तरी कागद असे.

छायाप्रत यंत्राने या व्यवस्थेत पहिला बदल केला. १९५९ मध्ये बाजारात आलेले ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र प्रामुख्याने भाड्याने दिले जाई आणि किती प्रती निघाल्या, हे त्यातील मीटर मोजत असे. दर प्रतीला पैसे आकारण्याची कल्पना कार्यालयांत रुजली, ती या मीटरमुळे. पुढे १९८५ मध्ये ॲपलचा लेझर प्रिंटर आणि ‘पेजमेकर’ ही प्रणाली आली. त्यानंतरच्या काळात अक्षरजुळणी आणि मांडणी जाहिरातसंस्थेच्या स्वतःच्या स्टुडिओत होऊ लागली. काम आत आले, तसे बाहेरचे बिल नाहीसे झाले. खर्च मात्र राहिला. यंत्राचे भाडे, टोनर, कागद आणि ऑपरेटरचा पगार अशा चार ठिकाणी विखुरलेला. त्याची किंमत ठरविण्याचे काम आता खुद्द बिल पाठविणाऱ्याकडे आले. वादाचे मूळ इथे आहे.

आकारणीच्या चार पद्धती

पहिली पद्धत म्हणजे हा खर्च मुळात वेगळा न दाखविणे. मासिक रिटेनर किंवा प्रकल्पाच्या फीमध्येच कार्यालयीन प्रती व प्रिंट धरलेले असतात. बिल स्वच्छ राहते, वाद होत नाही. परंतु एखादा ग्राहक प्रत्येक बैठकीसाठी वीस रंगीत संच मागू लागला, तर त्याचा भार संस्थेवर किंवा तिच्या अन्य ग्राहकांवर पडतो.

दुसरी पद्धत दरपत्रकाची. ए-४ कृष्णधवल, ए-४ रंगीत, ए-३ रंगीत, सनबोर्डवर माउंट केलेली मांडणी, स्पायरल बाइंडिंग अशा प्रत्येक कामाचा दर करारासोबत जोडलेला असतो. ही सर्वांत स्पष्ट पद्धत होय. येथे दरात नफा असला तरी तो ग्राहकाने पाहून मान्य केलेला असतो.

तिसरी पद्धत प्रत्यक्ष खर्चाची. व्यवहारात तिला ‘ॲक्च्युअल्स’ म्हणतात. जेवढा खर्च झाला तेवढाच लावावयाचा, असे तिचे तत्त्व. बाहेरून करवून घेतलेल्या कामात ते पाळणे सोपे, कारण पुरावा म्हणून मूळ बिल जोडता येते. आतल्या यंत्रावरील कामात ‘प्रत्यक्ष खर्च’ मांडावाच लागतो. तो न मांडता बाजारातील झेरॉक्सच्या दुकानाचा दर लावणे आणि त्याला प्रत्यक्ष खर्च म्हणणे, ही या व्यवहारातील टाळण्याजोगी चूक आहे.

चौथी पद्धत ठोक रकमेची. फीच्या ठरावीक टक्के किंवा दरमहा ठरलेली रक्कम ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून आकारली जाते. पाने मोजण्याचा त्रास वाचतो. मात्र काम कमी असलेल्या महिन्यांतही रक्कम तीच राहते, त्यामुळे वर्षातून एकदा तरी ती प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

एका पानाचा हिशेब

प्रत्यक्ष खर्च काढणे अवघड नाही. उदाहरणादाखल एका रंगीत यंत्राचा महिन्याचा खर्च असा धरू : भाडे १८,००० रुपये, टोनर, ड्रम व देखभाल १५,०००, कागद ६,०००, ऑपरेटरच्या पगारातील या कामाचा वाटा ९,०००, वीज २,०००. एकूण ५०,००० रुपये. महिन्यात ५,००० पाने निघाली, तर दर पानाला १० रुपये पडले, असे प्रथमदर्शनी वाटते.

पण या ५,००० पानांतील ५०० पाने रंग बिघडल्याने किंवा कागद अडकल्याने वाया गेली. उपयोगी पाने राहिली ४,५००. म्हणजे एका पानाचा खरा खर्च ११ रुपये ११ पैसे. वाया जाणारा कागद हा छपाईचाच भाग असल्याने तो दरात धरणे रास्त आहे. उरलेल्या ४,५०० पैकी आणखी ५०० पाने संस्थेने नवा ग्राहक मिळविण्यासाठी केलेल्या सादरीकरणाची आहेत. ती जुन्या ग्राहकांच्या माथी मारता येणार नाहीत. ४,००० पानांचे ४४,४४४ रुपये ग्राहकांकडून यावेत आणि ५,५५६ रुपये संस्थेने स्वतः सोसावेत, असा हा हिशेब होतो. या दोन प्रकारच्या पानांतील फरक जी संस्था पाळते, तिला आपला दर कोणासमोरही मांडता येतो.

१७.६५ टक्के कोठून आले?

जाहिरात व्यवसायात निर्मितिखर्चावर १७.६५ टक्के आकार लावण्याची रूढी आहे. नवख्या ग्राहकाला हा आकडा विचित्र वाटतो. त्याचे मूळ जुन्या कमिशनमध्ये आहे. वृत्तपत्राची जागा १०० रुपयांची असेल, तर संस्था वृत्तपत्राला ८५ रुपये देई आणि १५ रुपये स्वतःकडे ठेवी. ८५ रुपयांवर १५ रुपये म्हणजे १७.६५ टक्के. त्यामुळे बाहेरच्या छापखान्याचे ८,५०० रुपयांचे बिल ग्राहकाकडे १०,००० रुपयांचे होऊन जाते.

बाहेरचा व्यावसायिक शोधणे, त्याच्याकडून काम तपासून घेणे, त्याला आगाऊ पैसे देणे, या श्रमांचा मोबदला म्हणून हा आकार समजण्यासारखा आहे. आतल्या यंत्रावरील कामाला तो लावावा काय, हा खरा प्रश्न. वरच्या उदाहरणात ११ रुपये ११ पैशांवर तो लावला, तर दर सुमारे १३ रुपये ७ पैसे होतो. यात गैर काहीच नाही. फक्त त्या रकमेला ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणता येत नाही. ती विक्रीची किंमत झाली आणि विक्रीच्या किमतीला ग्राहकाची पूर्वसंमती लागते.

वकिलांनी घालून दिलेला दंडक

या प्रश्नाचा नेमका विचार एका वेगळ्याच व्यवसायाने केला आहे. अमेरिकन बार असोसिएशनच्या नीतिविषयक समितीने डिसेंबर १९९३ मध्ये ९३-३७९ क्रमांकाचे मत प्रसिद्ध केले. वकिलाच्या कार्यालयात काढलेल्या छायाप्रतींचे अशिलाकडून किती घ्यावे, याचाही विचार त्यात होता. अशिलाशी आधी काही ठरले नसेल, तर वकिलाने त्या सेवेचा थेट खर्च आणि तिच्याशी निगडित वरकड खर्चाचा वाजवी हिस्सा एवढेच घ्यावे, असे समितीने म्हटले. वकिलाने आपले ज्ञान व वेळ विकावा, छायाप्रतींना उत्पन्नाचे साधन करू नये, हा त्यामागील विचार. आधी दर ठरला असेल, तर गोष्ट वेगळी. हे मत जाहिरातसंस्थांना लागू नाही. परंतु संकल्पना विकणाऱ्या व्यवसायालाही हा दंडक शोभून दिसतो.

कराची बाजू

या खर्चाला ‘रीइम्बर्समेंट’ म्हटले की कर लागत नाही, असा एक समज आढळतो. जाहिरातसंस्थांच्या सेवेवर १ नोव्हेंबर १९९६ पासून सेवाकर आला, तेव्हापासून असे खर्च करपात्र मूल्यात धरावेत की नाही, हा वाद होता. इंटरकॉन्टिनेंटल कन्सल्टंट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये निकाल दिला. २०१५ मध्ये कायदा बदलण्यापूर्वी भरपाईपोटी घेतलेले खर्च सेवेच्या मूल्यात धरता येत नव्हते, असे त्यात स्पष्ट झाले.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या कायद्यात ही पळवाट राहिलेली नाही. कलम १५ नुसार पुरवठादाराने आकारलेले आनुषंगिक खर्च मूल्यातच मोडतात. नियम ३३ मध्ये ‘प्युअर एजंट’ची सवलत आहे, पण ती ग्राहकाच्या वतीने, त्याच्या अधिकाराने तिसऱ्या पक्षाला चुकविलेल्या रकमेपुरती आणि तीही वर काही न लावता आहे. आपल्याच यंत्रावर काढलेल्या पानात तिसरा पक्ष नसतो. त्यामुळे जाहिरातसेवेचा भाग म्हणून काढलेल्या प्रतींवर त्या सेवेचाच १८ टक्के कर लागतो. ज्या ग्राहकाला या कराची वजावट मिळते, त्याला याचे फारसे काही वाटत नाही. रुग्णालये, शाळा यांसारख्या करमुक्त सेवा देणाऱ्यांना मात्र तो खिशातून भरावा लागतो.

आयकराच्या उगमस्थानी कपातीबाबतही हाच अनुभव येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९५ च्या परिपत्रक क्र. ७१५ मध्ये, कपातीसाठी बिलाच्या रकमेतून भरपाईचे खर्च वगळता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली होती.

कागदावर काय असावे?

करारात चार गोष्टी असल्या, तर पुढचे बहुतेक वाद टळतात. कोणती पाने फीमध्ये धरलेली आहेत आणि कोणती वेगळी, ही पहिली. वेगळ्या पानांचा दर, आणि तो खर्चाचा दर आहे की विक्रीचा, ही दुसरी. किती रकमेपुढे एस्टिमेट मंजूर करून घ्यावयाचे, ही तिसरी. दर किती काळाने बदलता येईल, ही चौथी.

करारानंतर नोंद महत्त्वाची. पूर्वी यंत्राशेजारी दोरीने बांधलेली वही असे. तीत जॉब नंबर, पानांची संख्या आणि सही होई. आताच्या यंत्रांत जॉबचा संकेतांक टाकल्याशिवाय प्रत निघणार नाही, अशी सोय करता येते आणि महिनाअखेरीस ग्राहकवार यादी मिळते. सांकेतिक क्रमांक टाकण्याचा कंटाळा करून सारी पाने ‘किरकोळ’ खात्यावर टाकली, तर महागडे यंत्रही दोरीच्या वहीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरत नाही. बिलात केवळ रक्कम न लिहिता ‘ए-३ रंगीत, २४० पाने, दर अमुक, जॉब नंबर तमुक’ एवढे लिहिले, तरी लेखा विभागाचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

ग्राहकाचीही जबाबदारी आहे. पडद्यावर मान्य होऊ शकणारी मांडणी दहा जणांसाठी रंगीत कागदावर मागवायची आणि महिनाअखेरीस त्याच पानांवर हरकत घ्यायची, हे न्यायाचे नाही. मागणी कोणी करावी, हे कंपनीने आपल्या बाजूनेही निश्चित करावयास हवे.

पोशेऱ्याच्या अर्जदाराला दोन रुपयांच्या पानाचा हिशेब मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. जाहिरातसंस्थेच्या ग्राहकाला तो करारातून मिळवावा लागतो आणि चांगली संस्था तो न मागताही देते. पानावर नफा घेण्यास कोणाची मनाई नाही. तो नफा खर्चाच्या नावाखाली घेतला, की पानाबरोबर संस्थेच्या संकल्पनांच्या बिलावरचा विश्वासही उणावतो.