शेजारच्या खुर्चीचे शिक्षण

इंग्लंडमधील एखाद्या सर्वसाधारण प्राथमिक शाळेच्या वर्गात डोकावले, तर फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाखेरीज आणखी एक प्रौढ व्यक्ती बहुधा दिसते. ती एखाद्या मुलाच्या शेजारी, मुलांच्याच मापाच्या खुर्चीवर बसलेली असते. फळ्यावरचे वाक्य हळू आवाजात पुन्हा सांगते, हातातली पेन्सिल नीट धरायला लावते, मूल अस्वस्थ झाले तर त्याला थोडा वेळ वर्गाबाहेर फिरवून आणते. ही व्यक्ती बहुतेक वेळा स्त्री असते. तिला ‘टीचिंग असिस्टंट’ म्हणतात. आपण तिला साहाय्यिका म्हणू. शिक्षणाचे इतिहास कायद्यांचे, समित्यांचे, शिक्षकांचे आणि मुलांचे लिहिले गेले. साहाय्यिकेचा उल्लेख त्यांत बहुधा आकडेवारीतच येतो. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तिचे स्वतःचे शिक्षण, म्हणजे नोकरी आणि घर सांभाळून तिने अर्धवेळ मिळवलेली पदवी. या पदवीचा इतिहास समजून घ्यायचा, तर सुरुवात मात्र मुलांना दिलेल्या नावांपासून करावी लागते.

१८९९च्या इंग्लिश कायद्याने शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांना ‘डिफेक्टिव्ह’, म्हणजे सदोष, म्हटले. १९१३च्या ‘मेंटल डेफिशियन्सी’ कायद्याने ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ आणि ‘फीबल-माइंडेड’ अशी उतरंड लावली. आज शिव्या म्हणून वापरले जाणारे हे शब्द त्या काळी कायद्याची परिभाषा होते. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर ‘अपंग विद्यार्थ्यां’चे अकरा प्रकार ठरले. त्यांत ‘एज्युकेशनली सबनॉर्मल’ (शैक्षणिकदृष्ट्या सामान्याहून खालचा) हा एक. पण या अकरा प्रकारांच्याही बाहेर काही मुले उरतच होती. शाळेत शिक्षण घेण्यास ‘असमर्थ’ असा त्यांच्यावर शिक्का बसे. १९५९मध्ये ‘असमर्थ’ जाऊन ‘अयोग्य’ हा शब्द आला. मुले मात्र शाळेबाहेरच राहिली. त्यांची जबाबदारी आरोग्य खात्याकडे होती. प्रशिक्षण केंद्रांत किंवा रुग्णालयांत त्यांचे दिवस जात.

हे दार उघडले ते १९७१मध्ये. १९७०चा ‘अपंग मुलांचे शिक्षण’ कायदा एप्रिल १९७१पासून अंमलात आला आणि ‘शिक्षणास अयोग्य’ ही कोटीच रद्द झाली. प्रशिक्षण केंद्रांतील सुमारे २४,००० आणि रुग्णालयांतील सुमारे ८,००० मुले एका दिवसात विद्यार्थी ठरली. योगायोग असा की, त्याच वर्षी जानेवारीत ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले पाठ बी.बी.सी.वरून प्रसारित झाले. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३मध्ये मांडलेली आणि जेनी ली यांनी चिकाटीने तडीस नेलेली ही कल्पना. प्रवेशासाठी पूर्वपात्रतेची अट नाही, नोकरी सोडण्याची गरज नाही. कोणते मूल शिक्षणाच्या कक्षेबाहेर, ही रेषा एका बाजूने पुसली गेली आणि कोणता प्रौढ विद्यापीठाच्या कक्षेबाहेर, ही दुसऱ्या बाजूने. दोन्ही घटना घडल्या तेव्हा शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल.

पण या दोन वाटा लगेच एकमेकींना मिळाल्या नाहीत. ओपन युनिव्हर्सिटीच्या पहिल्या विद्यार्थ्यांत शिक्षकांचा भरणा मोठा होता. प्रमाणपत्रावर नोकरी करणारे शिक्षक तेथे पदवी मिळवत होते. त्यांच्या वर्गात मदत करणारी बाई अद्याप विद्यापीठाच्या दृष्टिपथातच नव्हती.

त्याच १९७१मध्ये ग्रेनेडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी एक पुस्तिका लिहिली. ब्रिटिश शाळा वेस्ट इंडियन मुलांना ‘सबनॉर्मल’ कशा ठरवतात, हा तिचा विषय. कॅरिबियन बोली बोलणाऱ्या आणि इंग्रज मध्यमवर्गाच्या अनुभवावर बेतलेल्या बुद्धिमापन चाचण्यांत मागे पडणाऱ्या मुलांची रवानगी विशेष शाळांत होत होती. म्हणजे भाषेतल्या फरकाला बुद्धीतली उणीव ठरवले जात होते. भाषेच्या अभ्यासकांना या पुस्तिकेतील युक्तिवाद आजही जवळचा वाटेल.

थॅचर यांनी १९७३मध्ये घोषित केलेली समिती १९७४ ते १९७८ या काळात काम करत होती. अध्यक्ष मेरी वॉर्नॉक या शिक्षणाधिकारी किंवा वैद्यकतज्ज्ञ नव्हत्या. नीतिशास्त्रावर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ होत्या. कदाचित म्हणूनच शब्दांचा प्रश्न त्यांच्या समितीने मुळातून हाताळला. अपंगत्वाचे प्रकार पाडण्याऐवजी मुलाची गरज काय, हे विचारावे, असे अहवालाने सुचवले. ‘स्पेशल एज्युकेशनल नीड्स’, म्हणजे ‘विशेष शैक्षणिक गरजा’, हा शब्दप्रयोग यातूनच रूढ झाला. शालेय जीवनात केव्हा ना केव्हा पाचांपैकी एका मुलाला अशी गरज भासेल, असा समितीचा अंदाज होता. पूर्वी मुलाच्या ठायी ‘दोष’ असे. आता ‘गरज’ आली, आणि गरज म्हटली की ती भागवणारे कोणीतरी लागते. १९८१च्या कायद्याने ही भाषा स्वीकारली. तो १९८३मध्ये अंमलात आला. ज्या मुलांच्या गरजा मोठ्या, त्यांच्यासाठी ‘स्टेटमेंट’ नावाचा कायदेशीर दस्तऐवज तयार होऊ लागला.

या दस्तऐवजातून एक परिणाम झाला, जो वॉर्नॉक समितीच्या प्राधान्यक्रमात नव्हता. समितीने तीन गोष्टींना अग्रक्रम दिला होता : पाच वर्षांखालील मुले, सोळा वर्षांवरील तरुण आणि शिक्षकांचे प्रशिक्षण. प्रत्यक्षात मात्र मदत बहुधा तासांत मोजली जाऊ लागली. अमुक मुलाला आठवड्याला अमुक इतके तास साहाय्य. हे तास भरून काढण्यासाठी शाळा परिसरातील स्त्रियांना नेमू लागल्या. त्यांतल्या अनेकजणी त्याच शाळेतल्या मुलांच्या आया होत्या. काम मुलांच्या वेळेत बसे, सुट्टीत घरी राहता येई; पण पगारही बहुधा सत्राच्या आठवड्यांपुरताच हिशेबात धरला जाई. ‘वेल्फेअर असिस्टंट’, ‘लर्निंग सपोर्ट असिस्टंट’, ‘टीचिंग असिस्टंट’ अशी नावे बदलत गेली. वर्गातल्या सर्वांत अवघड मुलाजवळ सर्वाधिक वेळ बसणारी व्यक्ती सर्वांत कमी प्रशिक्षित आणि सर्वांत कमी पगाराची, ही विसंगती मात्र नव्या नावाबरोबरही कायम राहिली.

विद्यापीठ या खुर्चीपर्यंत पोहोचले ते टप्प्याटप्प्याने. ओपन युनिव्हर्सिटीने १९८२मध्ये विशेष गरजांच्या शिक्षणावर स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. १९९०च्या दशकात साहाय्यकांसाठी प्रमाणपत्रे आली. २००० साली शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी ‘फाउंडेशन डिग्री’ची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी अशा पदव्या सुरू झाल्या. पूर्ण ऑनर्स पदवीच्या दोन तृतीयांश भाराची ही पदवी. पूर्णवेळ शिकल्यास दोन वर्षांची. नोकरी करत शिकणाऱ्यांना ती साधारण तीन वर्षांत मिळे. पुढे आणखी अभ्यास केला, की ऑनर्स पदवी. साहाय्यकांसाठी आखलेल्या अभ्यासक्रमांत आठवड्यातील एखादी दुपार किंवा संध्याकाळ महाविद्यालयात आणि उरलेला अभ्यास स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या कामावर, अशी सामान्यतः रचना असे. शाळा हीच प्रयोगशाळा होती.

साहित्याच्या अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग इथे आहे. या अभ्यासक्रमांनी विद्यार्थिनींकडून ‘चिंतनपर लेखन’ मागितले. डोनाल्ड शॉन यांच्या १९८३च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकाने अशा लेखनाला सैद्धांतिक बैठक दिली होती. काम करणाऱ्या माणसाला जेवढे सांगता येते, त्याहून अधिक ठाऊक असते. हे ज्ञान कृतीतच असते आणि त्याकडे थांबून पाहता येते, हे शॉन यांच्या मांडणीचे सार. आता ज्या बाईला एखादे न बोलणारे मूल केव्हा रडणार आहे हे त्याच्या खांद्यांवरून कळते, तिने ते निबंधात कसे मांडायचे? ‘मी’ म्हणायचे, पण संदर्भही द्यायचे. अनुभव सांगायचा, पण तो सिद्धांताशी जोडायचा. मुलाची ओळख लपवायची, पण मूल वाचकाला दिसले पाहिजे. शाळा सोडून पंधरा-वीस वर्षे झालेल्या स्त्रीकडून ही फार मोठी मागणी आहे. तिच्या हातांत असलेल्या ज्ञानाला विद्यापीठाने प्रथमच ज्ञान म्हटले, हे खरे. ते विद्यापीठाच्या भाषेत उतरवण्याचे कष्ट मात्र तिलाच करावे लागले. नवशिक्षित स्त्रियांच्या लेखनाचा अभ्यास करताना आपण हाच पेच वेगळ्या काळात पाहिलेला आहे.

२००३मध्ये सरकार आणि बहुतेक संघटनांत शिक्षकांचा भार हलका करण्याचा करार झाला. त्यानंतर ‘उच्चस्तरीय साहाय्यक’ हा दर्जा निर्माण झाला. २००० साली इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदांच्या हिशेबाने ८०,००० हून थोडे कमी साहाय्यक होते. २०११पर्यंत ही संख्या २,२०,०००च्या आसपास गेली. आणि मग २००९मध्ये लंडनच्या शिक्षणसंस्थेतील पीटर ब्लॅचफर्ड व सहकाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष आला : ज्या मुलांना साहाय्यकांची मदत अधिक मिळते, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांच्या तुलनेत कमी होते. वर्तमानपत्रांतून याचा सोयीस्कर अर्थ काढला गेला. संशोधकांचे म्हणणे निराळे होते. दोष साहाय्यिकांचा नव्हता. मुलाला त्यांच्या हवाली केल्यावर शिक्षकाचा त्याच्याशी संवाद कमी होत होता. शिक्षक आणि साहाय्यिका यांना एकत्र बसून पाठाचा विचार करायला वेळच ठेवलेला नव्हता. त्यामुळे समज वाढवण्यापेक्षा हातातले काम पुरे करून घेण्याकडे कल जात होता.

या निष्कर्षाने पदवीचा मुद्दा अधिक निकडीचा व्हायला हवा होता. घडले उलटे. साहाय्यकांच्या वेतनाचा आणि श्रेणींचा राष्ट्रीय पातळीवर विचार करणारे मंडळ २००९च्या कायद्याने स्थापन झाले; २०१०मध्ये आलेल्या सरकारने ते मोडीत काढले. २०१२पासून विद्यापीठांचे शुल्क प्रचंड वाढले. अर्धवेळ विद्यार्थ्यांना शुल्कासाठी कर्ज मिळू लागले खरे, पण घर चालवणारी चाळिशीतली स्त्री तुटपुंज्या पगारावर ते घ्यायला कचरली, यात नवल नाही. २०१० ते २०१५ या काळात इंग्लंडमध्ये पदवीस्तरावर अर्धवेळ प्रवेश घेणाऱ्यांची संख्या निम्म्याच्या आसपास घसरली. ज्यांनी आधीच पदवी मिळवली होती, त्यांतल्या काहीजणी शिक्षिका झाल्या. उरलेल्यांना शाळेत परतल्यावर तीच खुर्ची मिळाली आणि अनेकींना वेतनही जवळपास तेवढेच. बरखास्त झालेले वेतनमंडळ पुन्हा उभारण्याची तरतूद २०२४मध्ये मांडलेल्या रोजगार हक्क विधेयकात आली.

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. ओपन युनिव्हर्सिटीच्या धर्तीवर भारतात १९८२मध्ये हैदराबादला, १९८५मध्ये दिल्लीला आणि १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकांची नोंदणी आवश्यक केली आणि मुक्त विद्यापीठांतून विशेष शिक्षणातील बी.एड. घेण्याची सोय झाली. शब्दांचा प्रवासही आपल्याकडे समांतर आहे : ‘मतिमंद’पासून ‘विशेष गरजा असलेली मुले’ आणि ‘अपंग’पासून ‘दिव्यांग’. पण आपल्या विशेष शाळांतली ‘काळजीवाहक’ आणि अंगणवाडीतली ‘मदतनीस’ या पदनामांकडे पाहावे. मुलाचे नाव बदलण्यासाठी आपण परिपत्रके काढली, परिसंवाद घेतले. मुलाजवळ बसणाऱ्या बाईला काय ठाऊक आहे आणि ते पुढे शिकण्याची वाट तिला कोठे आहे, हे क्वचितच विचारले.

मेरी वॉर्नॉक यांनी २००५मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, स्वतःच्याच अहवालाच्या काही फलितांवर जाहीर शंका घेतली. स्टेटमेंटची पद्धत आणि सर्व मुलांना सरसकट सामान्य शाळेत आणण्याचा आग्रह, दोन्ही त्यांना फेरविचाराच्या योग्यतेचे वाटले. आपण घडवलेला शब्द आपल्यासमोर रूढ होऊन सैल झालेला पाहण्याची वेळ फार थोड्या विचारवंतांवर येते, आणि ते मान्य करणारे त्याहून थोडे. १९७१मध्ये ‘अयोग्य’ हा शब्द पुसला गेला तेव्हा बत्तीस हजार मुलांचे आयुष्य बदलले, कारण त्या शब्दामागोमाग शाळा, शिक्षक आणि निधी आला. साहाय्यिकेच्या पदवीमागोमाग तसे काही आले नाही. तिच्या निबंधांतून जे लिहिले गेले, ते निदान त्याच शाळेच्या शिक्षकदालनात वाचले जायला हवे होते.