औषधाची घटका आणि विडी कामगाराचा खाडा



आम्ही शाळा फार शिकलो नाही. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. नगर-संगमनेरच्या विडी कामगार भगिनींत काम करताना एक प्रश्न मात्र वारंवार कानी आला. तंबाखूच्या धुळीत जन्म काढलेल्या बाईला कर्करोग आहे असे कळते, तेव्हा घरची माणसे विचारतात, "कुठवर पसरलाय?" शस्त्रक्रिया करावी की नाही, हे या उत्तरावर ठरते. हे उत्तर देणारी एक विद्या आपल्याकडे कशी आली, ते आज सांगावयाचे आहे.

क्ष-किरणांच्या चित्रात अवयवाचा आकार दिसतो. या विद्येत त्याचा व्यवहार दिसतो. किरणोत्सारी द्रव्याचा अल्प अंश शिरेतून देतात. हाडांकडे जाणारे द्रव्य जेथे हाडाची मोडतोड व बांधणी चालू असते तेथे अधिक साठते, आणि बाहेरचा कॅमेरा ती जागा टिपतो.

मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 साली परळला, गिरणगावात उभे राहिले. 1956 च्या ऑगस्टमध्ये तुर्भ्यास 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. 1962 साली रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले आणि 1963 मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. अणूचे नाव जगाने हिरोशिमात ऐकले होते. येथे तोच अणू रोग्याच्या सेवेला लागला, आणि तोही सार्वजनिक पैशाने. त्या पैशात विडी वळणाऱ्या हातांचाही वाटा होता, हे आम्ही विसरू देणार नाही.

या कामात टेक्निशियम हे द्रव्य सर्वांत अधिक वापरले जाते. ते सहा तासांत निम्मे होते. मग दूरच्या गावी न्यावे कसे? अमेरिकेतील ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेने 1950 नंतरच्या दशकात तोड काढली. त्याचे जनकद्रव्य मॉलिब्डेनम छासष्ट तासांनी निम्मे होते. तेच डब्यात भरून पाठवावे आणि रोज त्यातून टेक्निशियम काढून घ्यावे. तंत्रज्ञ या डब्याला 'गाय' म्हणतात. दुधाच्या धंद्यावर जगणाऱ्या आमच्या जिल्ह्याला ही उपमा समजावून सांगावी लागू नये!

2002 साली परळच्या त्याच केंद्रात भारतातील पहिले पेट यंत्र आले. पुष्कळ कर्करोगांच्या पेशी साखर अधिक ओढतात, म्हणून साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून देतात. गाठ दूर पसरली असेल तर तेथे उजेड दिसतो, आणि व्यर्थ शस्त्रक्रिया टळू शकते. परंतु क्षयाची गाठही असाच उजेड दाखवते. म्हणून संशय आल्यास तुकडा काढून तपासावाच लागतो.

हे फ्लोरिन मात्र 110 मिनिटांत निम्मे होते. मुंबईहून नगरला साडेपाच तास लागले, तर आठवा हिस्सा उरतो. औषध येथवर टिकत नाही, तेव्हा रोग्यालाच औषधाकडे जावे लागते. आम्ही एका भगिनीला घेऊन निघालो होतो. घाटात वाहतूक अडली आणि दिलेली वेळ चुकली. "औषध कुणासाठी थांबत नाही," असे उत्तर मिळाले. त्यात खोटे काहीच नव्हते. पण हजारी मजुरीवर जगणाऱ्या त्या बाईचे आणि सोबतच्या मुलाचे दोन दिवस बुडाले, आणि आठवड्याने पुन्हा तोच खाडा पडला. त्या खाड्याची नोंद कोणत्या हजेरीपटावर होते?

विज्ञानाने औषधाची घटका मोजली. कामगाराची घटका आपण मोजावयाची आहे. 'गाय' जिल्ह्याच्या गावी पोहोचू शकते. म्हणून कॅमेरा आणि तो चालविणारी शिकलेली माणसे तेथे हवीत. मोठ्या तपासणीस जावेच लागले, तर बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च मिळावयास हवा. ही भिक्षा नव्हे. ज्यांच्या पैशाने ही विद्या उभी राहिली, त्यांचे ते येणे आहे.