रक्त सांगते, पण सगळे नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. म्हणूनच तो नभोवाणीवर काढलेला बरा. इथे ऐकणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. विषय आहे शरीरसंबंधातून होणाऱ्या आजारांच्या भीतीचा, आणि त्यातही हर्पिसचा. मी इतिहासाचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण नोकरीची वर्षे नांदेड आणि लातूरमध्ये गेली, आणि विद्यार्थी मास्तरांना केव्हा काय विचारतील याचा नेम नसतो.

काही वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी घरी आला. पदवी झालेली, स्पर्धा परीक्षेसाठी लातूरला खोली करून राहत होता. एका मुलीशी त्याचा संबंध आला होता. चौथ्याच दिवशी भीतीने त्याने रक्त तपासून घेतले. लातूरला ओळखीचे कुणी भेटेल म्हणून नांदेडला जाऊन! अहवालात हर्पिसच्या एका प्रकारापुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले. अंगावर फोड नाही, पुटकुळी नाही. पण अन्न गोड लागेना, पुस्तक उघडवेना. त्याचा एकच प्रश्न होता : ‘सर, हे तिच्याकडूनच आले ना?’

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. तो निदान चारशे-पाचशे वर्षे जुना आहे. सोळाव्या शतकात भावमिश्र या वैद्याने ‘भावप्रकाश’ ग्रंथ लिहिला. त्यात एका नव्या रोगाचे वर्णन येते. नाव आहे ‘फिरंग’. पोर्तुगीजांच्या मागोमाग आलेला हा रोग म्हणजे आपण पुढे ज्याला गरमी म्हणू लागलो तो. चोपचिनीचा उपाय त्याच ग्रंथात आहे. पण नाव बघा. रोगाला लक्षणावरून नाव मिळाले नाही. तो कुणी आणला यावरून मिळाले. युरोपातही तेच. इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रान्समधले लोक नेपल्सचा. आजार अंगात शिरला की माणूस औषधाच्या आधी आरोपी शोधतो.

इंग्रजी अमदानीत या शोधाला कायद्याचे रूप आले. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर तशी सक्ती नव्हती. रोग दोघांचा, तपासणी एकीची! बऱ्याच विरोधानंतर १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला. पण बाईकडे बोट दाखवण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात तीच होती.

मग रक्ताची परीक्षा आली. १९०६ साली बर्लिनमध्ये वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरमी ओळखण्याची रक्तचाचणी काढली. जगभर ती पसरली. लोकांना वाटले, आता रक्तच खरे-खोटे सांगेल. पण काही वर्षांतच ध्यानात आले, की हिवताप किंवा कुष्ठरोग असलेल्या माणसाचे रक्तही कधी कधी ‘गरमी आहे’ असे सांगते. हे दोन्ही आजार आपल्या मुलखाला नवे नव्हते. विचार करा, अशा चुकीच्या अहवालाने किती संसारांत संशय शिरला असेल! चाचणी खोटी नव्हती. तिला काय विचारायचे आणि काय नाही, हे ठाऊक नव्हते.

मराठीत या भीतीशी उघडपणे बोलणारा पहिला मोठा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिले. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, ते १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत. त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. उपदेश नाही, की दरडावणे नाही. या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई फार लांब होती. पण प्रश्न इथल्या माणसांनाही तेच पडत असणार. विचारायला जागा नव्हती, एवढेच.

आता हर्पिसकडे येऊ. हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ सरपटणे. आपल्या ‘सर्प’ शब्दाशी त्याचे मूळ जुळते. आणि योगायोग असा, की याच घराण्यातल्या दुसऱ्या एका विषाणूच्या आजाराला आपण ‘नागीण’ म्हणतो. नागीण ही लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचीच पुन्हा उठलेली खूण. तिचा शरीरसंबंधाशी काडीचाही संबंध नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘हर्पिस झोस्टर’ लिहिलेले असते, घरातला शिकलेला मुलगा अर्धाच शब्द वाचतो, आणि साठीच्या माणसाच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते.

साध्या हर्पिसचे दोन प्रकार आहेत, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. पहिला प्रकार बहुधा ओठांवर येतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुटकुळ्या उठतात, त्या बहुतेकदा याच. तो पुष्कळांना लहानपणीच, घरातल्या माणसांच्या मुक्यातून लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे ३८० कोटी लोकांत तो आहे. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. तो सुमारे ५२ कोटी लोकांत आहे. मग या सामान्य आजाराची एवढी दहशत कशी बसली? ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हर्पिसला कलंकाची खूण म्हणून छापले. त्याच महिन्यात इकडे उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, लातूर जिल्हा वेगळा झाला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत असायक्लोव्हिर या औषधाच्या मलमाला परवानगी मिळाली. औषध आणि बदनामी एकाच वर्षी आली. आपल्याकडे बदनामी आधी पोचली.

माझ्या विद्यार्थ्याला मी ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी अहवाल पाहिला आणि म्हणाले, ‘अरे बाबा, रक्तात ही प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी तीन-चार महिने. चौथ्या दिवशी जे दिसते ते जुने असते. हा पहिला प्रकार आहे, बहुधा तुझ्या लहानपणचा.’ फोड नसताना केलेली ही चाचणी संसर्ग कधी झाला, कुणाकडून झाला, शरीरात कुठे आहे, यांतले काहीही सांगत नाही. कधी कधी ती नसलेला आजारही दाखवते. म्हणून लक्षणे नसलेल्यांची सरसकट हर्पिस तपासणी करू नये, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाचाही सल्ला आहे. फोड उठला तर मात्र थांबू नये. ताज्या फोडातला स्राव तपासला तर नेमके कळते. सरकारी रुग्णालयांत अशा फोडांसाठी लाल रंगाच्या पाकिटातून असायक्लोव्हिर देण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे. विषाणू शरीरातून जात नाही हे खरे. पण त्रास आटोक्यात राहतो. निरोधने धोका कमी होतो, पुरता जात नाही. गरोदर स्त्रीने मात्र, पूर्वी कधी किंवा आता फोड आले असतील तर, डॉक्टरांपासून ते लपवू नये. बाळंतपणात बाळाला जपावे लागते.

डॉक्टरांनी त्याला आणखी एक विचारले : ‘एचआयव्ही आणि गरमीची तपासणी केलीस का?’ केली नव्हती. ज्या आजाराची चाचणी त्याला काहीच सांगणार नव्हती, तिच्यामागे तो धावला. आणि जिथे तपासणीने जीव वाचतो, तिकडे गेलाच नाही. एचआयव्हीचा धोका असेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते. पेनिसिलिनने गरमी पूर्ण बरी होते. आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आहे, आणि गुप्ततेचे बंधन आता २०१७ च्या कायद्यानेच घातले आहे. तपासणीसाठी लातूरच्या माणसाने नांदेड गाठण्याची आणि नांदेडच्या माणसाने हैदराबाद गाठण्याची गरज नाही.

श्रोतेहो, फिरंग रोगापासून आजपर्यंत आपण रक्ताला एकच प्रश्न विचारत आलो : दोष कुणाचा? रक्ताला तो कळत नाही. औषध लागेल का, एवढेच ते सांगू शकते, आणि तेही योग्य वेळी विचारले तर. तेवढेच त्याला विचारावे. बाकीचे मनातले डॉक्टरांना विचारावे, आणि मुलांनी विचारले तर घरातल्या मोठ्यांनी कानांवर हात ठेवू नयेत.