रोप क्रमांक ५६०१३ : एका नकोशा वासाची गोष्ट

गवती चहाचे एक पान चुरगळून वर्गात फिरवा. डोळे मिटूनही मुले सांगतील, "लिंबाचा वास येतोय." पण गवती चहाचे लिंबाशी काही नाते नाही. ते एक गवत आहे, ऊस-ज्वारीच्या कुळातले. वास सारखा वाटतो, कारण सिट्राल नावाचे संयुग दोघांतही असते. वनस्पतींची कुळे वेगळी असली तरी त्यांनी तयार केलेला रेणू एकच असू शकतो. धन्यांच्या वासात लिनालूलचा वाटा मोठा असतो. खानदेशात ज्याचे तेल काढीत असत, त्या रोशा गवतात जेरानिऑल भरपूर असते. हे लिनालूल आणि जेरानिऑल थंड देशांतील एका वेलीच्या बोंडांतही सापडतात. त्या वेलीचे नाव हॉप. तिच्या एका वासाला एकेकाळी तज्ज्ञांनी 'दोष' ठरवले आणि पुढे त्याच वासासाठी लोक जादा पैसे मोजू लागले. हे कसे घडले ते या लेखात पाहू.

हॉपचा मुख्य उपयोग बिअर बनवण्यासाठी होतो. आपल्या वाचकांपैकी अनेक जण त्या पेयाच्या वाटेला जात नसतील. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. या लेखाचा हेतू मद्याची भलामण करण्याचा नाही. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि माणसाची आवडनिवड यांची गाठ येथे फार चांगली पडते, म्हणून हा विषय निवडला आहे.

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. तिच्यात नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. मादी वेलीला हिरव्या पापुद्र्यांची बोंडे येतात आणि पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. या पुडीत दोन प्रकारचे पदार्थ असतात. पहिला प्रकार राळेचा. त्यातील अल्फा आम्ले तासभर उकळली की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि कडवटपणा येतो. पेय आंबवणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना ही बदललेली आम्ले वाढू देत नाहीत. दुसरा प्रकार सुगंधी तेलांचा. ती उडून जाणारी असल्यामुळे उकळताना वाफेबरोबर निघून जातात. म्हणून कडवटपणा हवा असेल तर हॉप सुरुवातीला घालतात, वास हवा असेल तर शेवटी, किंवा थेट थंड झालेल्या पेयात. आपणही आमटी उतरवल्यावरच वरून कोथिंबीर घालतो, त्यातलाच हा प्रकार.

टिकवण्याच्या या गुणाचा संबंध आपल्या देशाशीही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे येणाऱ्या जहाजांना कित्येक महिने लागत. तिथल्या गोऱ्या साहेबांसाठी पाठवल्या जाणाऱ्या फिकट रंगाच्या बिअरमध्ये हॉप अधिक घालीत. इंग्रजीत फिकटला 'पेल' म्हणतात आणि या जातीच्या बिअरला 'एल'. पुढे या पेयाला 'इंडिया पेल एल' असेच नाव पडले.

आता आपली गोष्ट सुरू होते ती इंग्लंडमधील केंट परगण्यात. तेथील वाय कॉलेजात अर्नेस्ट स्टॅन्ली सॅमन हे बुरशीशास्त्रज्ञ काम करीत होते. आपल्या द्राक्षबागाईतदारांना जिचे नाव काढताच घाम फुटतो, त्या भुरीच्या बुरशींचे ते अभ्यासक होते. हॉपच्या नव्या जाती पैदा करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. अधिक राळ असलेला, म्हणजे अधिक टिकवणारा हॉप त्यांना हवा होता. १९१६ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातून एका रानटी हॉपचे छाट त्यांच्याकडे आले. त्या वेलीवर वाऱ्याने आलेले इंग्लिश नर वेलींचे पराग पडले, बी धरले आणि त्या बियांतून रोपे तयार झाली. त्यांतील एक रोप राळेच्या बाबतीत सरस निघाले. १९३४ मध्ये ते 'ब्रुअर्स गोल्ड' या नावाने प्रसिद्ध झाले.

पण एक अडचण होती. रानटी आईचा वास मुलीतही उतरला होता. इंग्लिश बिअर बनवणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या सौम्य, मातकट, फुलांसारख्या वासाची सवय होती. हा वास त्यांना उग्र वाटला. 'अमेरिकन वास' हे शब्द त्यांच्या तोंडी दूषण म्हणूनच येत. हा हॉप थोड्या प्रमाणात, कडवटपणापुरता वापरावा, वासासाठी नको, असा त्यांचा कल होता.

येथे सॅमन यांच्या कामाची एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी राळेचे प्रमाण मोजले आणि वासाबद्दलची नापसंती वेगळी ठेवली. दोन्हींची बेरीज करून 'वाईट' असा एकच शेरा मारला असता, तर ते रोप उपटून फेकले गेले असते. आज जगातील अनेक कडू वाणांच्या वंशावळीत ब्रुअर्स गोल्डचे नाव आढळते.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे, ओरेगॉन राज्यातील कोरव्हॅलिस गावी जाऊ. तेथे अमेरिकेच्या कृषी खात्याचे हॉप-पैदास केंद्र होते. त्या काळी अमेरिकेत मुख्यतः 'क्लस्टर' हा एकच वाण लावला जाई. त्यावर केवडा रोग फार पडे. द्राक्षावरचा केवडा आणि हॉपवरचा केवडा यांचे रोगकारक जीव वेगळे असले, तरी नात्यातले आहेत. केवड्याला दाद न देणारा हॉप शोधणे हे केंद्राचे काम होते. १९५६ मध्ये एका मादी वेलीचे बी गोळा करण्यात आले. तिच्या वंशात इंग्लंडचा 'फगल' आणि रशियाचा 'सेरेब्रियांका' हे वाण होते. परागीभवन वाऱ्याने झाले असल्याने बाप अज्ञात. त्या बियांतील एका रोपाला क्रमांक मिळाला ५६०१३.

हे रोप बरीच वर्षे क्रमांकावरच राहिले. १९६५ मध्ये आल्फ्रेड हाउनोल्ड हे शास्त्रज्ञ केंद्रात आले आणि त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. केवड्याला ते बऱ्यापैकी तोंड देत होते, उत्पन्नही चांगले होते. त्याच सुमारास जर्मनीतील हालरटाउ भागाच्या नामांकित हॉपला मर रोगाने ग्रासले होते. तो आयात करणाऱ्या अमेरिकेतील मोठ्या कंपन्या देशी पर्याय शोधू लागल्या. १९७२ मध्ये ५६०१३ ला 'कॅस्केड' हे तेथील पर्वतरांगेचे नाव मिळाले आणि लागवड वाढली. पण कॅस्केड काही हालरटाउ नव्हता. त्याला ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास होता. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचे आणि संत्र्याच्या जातीचे संकरित अपत्य. कोट्यवधी ग्राहकांच्या ठरलेल्या चवीवर चालणाऱ्या कंपन्यांना हा वास नको होता. थोड्याच वर्षांत त्यांचा उत्साह ओसरला.

मग या हॉपला वाचवले कोणी? ज्यांना ठरलेली चव सांभाळायची नव्हती अशा लहान लोकांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर या छोट्या कारखान्याने १९७५ मध्ये 'लिबर्टी एल' काढले. त्यात कॅस्केड होता आणि थंड पेयातही तो घातला होता.

त्याच दशकात घरच्या घरी बिअर बनवणाऱ्यांचे एक वेगळे जग अमेरिकेत उभे राहत होते. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरी बिअर बनवण्यास केंद्रीय कायद्याची परवानगी नव्हती. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली. १ फेब्रुवारी १९७९ पासून प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलनपर्यंत, आणि एकाहून अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलनपर्यंत, विक्रीसाठी नव्हे तर स्वतःसाठी, बिअर बनवण्याची मुभा मिळाली. कोलोरॅडोतील बोल्डर गावात या छंदाचे वर्ग घेणारे चार्ली पपाझियन हे शाळामास्तर होते, अणुअभियांत्रिकीचे पदवीधर! डिसेंबर १९७८ मध्ये त्यांनी घरगुती बिअर बनवणाऱ्यांची संघटना स्थापन केली.

कॅलिफोर्नियातील चिको गावात केन ग्रॉसमन या तरुणाने १९७६ मध्ये या छंदाच्या सामानाचे दुकान काढले होते. मोठे व्यापारी ज्यांना लहान गिऱ्हाईक म्हणून दारात उभे करीत नसत, त्यांच्यासाठी तो हॉपच्या नमुन्याच्या छोट्या विटा विकत आणी. १९८० मध्ये त्याने एका सहकाऱ्यासह सिएरा नेव्हाडा हा कारखाना सुरू केला. त्याच्या पेल एलचे सुरुवातीचे अनेक घाणे, चव एकसारखी येईना म्हणून, त्याने चक्क ओतून दिले. अखेर जे जमले त्यात कॅस्केडचा ग्रेपफ्रूटसारखा वास लपवलेला नव्हता, पुढे आणलेला होता. लोकांना तो आवडला. 'अमेरिकन वास' हे दूषण आता भूषण ठरले.

पण हा वास आहे तरी कशाचा? हॉपच्या तेलात मिर्सीनचे प्रमाण बरेच असते, शिवाय लिनालूल आणि जेरानिऑल. किण्वनाच्या काळात यीस्ट जेरानिऑलपासून सिट्रोनेलॉल बनवते आणि लिंबासारखी छटा वाढते. तरीही तेवढ्याने ग्रेपफ्रूटचा उलगडा होत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारी उपकरणे वापरून संशोधकांनी कॅस्केडसारख्या हॉपमध्ये गंधकयुक्त संयुगे शोधली. त्यांना थायॉल म्हणतात. त्यांतील एक तर एका लिटरमध्ये एक-दोन नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. गंमत अशी की हेच संयुग अगदी थोडे असेल तर फळासारखे वाटते आणि जास्त झाले की मांजराच्या मुतासारखे! तेव्हा नाक मुरडणारे इंग्रजही काही खोटे बोलत नसावेत.

आणखी एक धागा पाहा. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी निरनिराळ्या देशांचे हॉप तपासले. हे थायॉल अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या काही वाणांत मिळाले, युरोपच्या हॉपमध्ये मिळाले नाही. त्याचे एक कारण त्यांना तांब्यात दिसले. युरोपात केवड्यासाठी तांबेयुक्त औषधे फवारीत, आणि तांबे या थायॉलचे प्रमाण घटवते. नाशिक-सांगलीचे शेतकरी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, तीच ही जात. अर्थात वाणाचा वंशही तितकाच महत्त्वाचा आहे, सगळे श्रेय फवारणीला देता येणार नाही. पण रोग, औषध आणि वास या तीन गोष्टी एकाच साखळीत असू शकतात, हे मात्र खरे.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. १९९० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात झालेल्या एका संकरातील रोप 'एचबीसी ३९४' या क्रमांकावर सुमारे सतरा वर्षे राहिले आणि मग 'सिट्रा' या नावाने बाजारात आले. त्याच्या वंशात ब्रुअर्स गोल्डचाही अंश सांगितला जातो. अमेरिकेतील रानटी हॉपचा वारसा असलेला 'एचबीसी ४३८' नाव मिळण्यापूर्वीच घरगुती बनवणाऱ्यांच्या हाती देण्यात आला. २०१८ मध्ये त्याचे 'सॅब्रो' झाले. कारण उघड आहे. कारखान्याचा एक घाणा फसला तर हजारो लिटर वाया जातात, घरच्या घाण्यात जेमतेम वीस. ज्याला चुकणे परवडते तोच नवे करून पाहतो.

या गोष्टीतून वर्गासाठी एक प्रयोग सुचतो. कोथिंबीर, हिंग, गवती चहा, सुके बोंबील अशा चार-पाच वस्तू झाकलेल्या डब्यांत ठेवा. मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगा. पहिल्यात 'वास कशासारखा आहे', दुसऱ्यात 'मला आवडला की नाही'. बोंबलाच्या डब्यापाशी कोकणातल्या मुलाला भूक लागेल आणि शेजारचा नाक दाबेल. पहिला रकाना बराचसा जुळेल, दुसरा जुळणार नाही. पहिला वस्तूविषयी सांगतो, दुसरा आपल्याविषयी. ५६०१३ च्या बोंडातला रेणू १९५६ मध्ये होता तोच १९८० मध्येही होता. बदलला तो दुसरा रकाना. म्हणून दोन्ही रकाने भरावेत, पण एकमेकांत मिसळू नयेत. उत्तरपत्रिका तपासताना अनपेक्षित वाटेने आलेल्या उत्तरावर लाल शाई चालवण्यापूर्वीही हे दोन रकाने क्षणभर आठवावेत.