श्रीमंत काउंटीचे दिवाळे

६ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या ऑरेंज काउंटीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तेव्हा अनेकांचा त्या बातमीवर विश्वासच बसेना. लॉस एंजलिसच्या दक्षिणेला पॅसिफिक महासागराच्या काठावर वसलेला हा भाग अमेरिकेतल्या सुखवस्तू प्रदेशांपैकी एक. न्यूपोर्ट बीचचे बंगले इथलेच आणि डिस्नेलँडही इथलेच. दुष्काळ पडला नव्हता, भूकंपाने गावे उद्ध्वस्त झाली नव्हती, तिजोरीवर कोणी दरोडा घातला नव्हता. मग पैसा गेला कुठे?

काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडचा जिल्हा. पण तिथे सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. ऑरेंज काउंटीचा कारभार लोकांनी निवडून दिलेले पाच सदस्यांचे मंडळ पाहते. खजिनदारही लोकांच्या मतानेच निवडला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी कथा त्या खजिनदाराभोवती फिरते.

या प्रदेशाचा इतिहास तसा साधा. १७७६ मध्ये स्पॅनिश धर्मोपदेशकांनी सान हुआन कापिस्त्रानो इथे मठ स्थापन केला. पुढे मोठमोठ्या जमीनदारांची गुरे इथल्या कुरणांवर चरू लागली. १८५७ मध्ये जर्मन वसाहतवाल्यांनी सांता अ‍ॅना नदीजवळ जमीन घेऊन अ‍ॅनाहाइम हे गाव वसवले आणि द्राक्षमळे लावले. १८८० च्या दशकात वेलींवर रोग पडला आणि मळे बसले. शेतकरी मग संत्र्यांकडे वळले. १८८९ मध्ये लॉस एंजलिसपासून फुटून वेगळी काउंटी झाली, तिला नावही संत्र्याचेच मिळाले. १८९० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या होती अवघी १३,५८९.

पुढची साठ वर्षे वाढ बेताची होती. १९५० मध्ये इथे २,१६,२२४ लोक राहत होते. १९६० मध्ये ते ७,०३,९२५ झाले आणि १९७० मध्ये १४,२०,३८६! दहा वर्षांत तिपटीहून अधिक आणि पुढच्या दहा वर्षांत पुन्हा दुप्पट. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी तळ आले होते. युद्धानंतर विमाने आणि संरक्षणसामग्रीचे उद्योग आले, लॉस एंजलिसपासून रुंद महामार्ग आला. १९५५ मध्ये संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नेलँड उभे राहिले. १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांनी वेस्टमिन्स्टर आणि आसपास आपली बाजारपेठ वसवली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ३१,८६,९८९ भरली. संत्री मात्र जवळपास नावापुरतीच उरली.

माणसे आली की शाळा, पाणी, गटारे, अग्निशमन, इस्पितळे हे सारे लागते. त्याचा मोठा आधार म्हणजे घरपट्टी. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भराभर वाढल्या आणि त्याबरोबर घरपट्टीही. लोक संतापले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले. घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यावर गोठवली गेली. घर विकले जाईपर्यंत ही करपात्र किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढवता येणार होती. विशेष कामासाठी स्थानिक कर लावायचा तर दोन-तृतीयांश मते हवीत, अशीही अट आली. कर आटला, पण नागरिकांच्या अपेक्षा होत्या तेवढ्याच राहिल्या.

ही तफावत भरून काढणारा माणूस म्हणून रॉबर्ट सिट्रन यांचा उदय झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ते निवडून येत होते. काउंटी, नगरपालिका, शाळा, पाणीपुरवठा संस्था अशा जवळजवळ दोनशे सार्वजनिक संस्थांचा पैसा त्यांच्या हाती एकत्र ठेवलेला असे. इतरांपेक्षा जास्त व्याज ते मिळवून देत. कसे? हातातले रोखे गहाण टाकून अल्प मुदतीचे कर्ज काढायचे, त्या पैशाने जास्त मुदतीचे रोखे घ्यायचे. अशा रीतीने ठेवीचे सुमारे ७५० कोटी डॉलर फुगवून २,००० कोटींच्या वरची गुंतवणूक उभी केली गेली. त्यात व्याजदर चढले की उत्पन्न उतरणारे रोखेही होते. थोडक्यात, सारा डोलारा एकाच भरवशावर उभा होता, की व्याजदर वाढणार नाहीत.

कोणी हरकत का घेतली नाही? कारण जादा व्याजामुळे कर न वाढवता अंदाजपत्रक जुळत होते. काही संस्थांनी तर स्वतः कर्ज काढून पैसे या निधीत ठेवले. १९९४ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी जॉन मूरलॅक यांनी धोक्याची घंटा वाजवली, पण मतदारांनी जूनमध्ये सिट्रन यांनाच पुन्हा निवडून दिले. तोवर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली होती. फेब्रुवारीत तीन टक्के असलेला दर नोव्हेंबरात साडेपाचवर गेला. तोटा १६४ कोटी डॉलरचा झाला.

सिट्रन यांनी स्वतःच्या खिशात काही घातले नव्हते. ठेवीदार संस्थांची दिशाभूल केल्याचे आणि व्याजाची रक्कम भलत्या खात्यात वळवल्याचे गुन्हे त्यांनी कबूल केले आणि त्यांना शिक्षाही झाली. त्यांच्या जागी आले मूरलॅक!

खरी कसोटी पुढेच होती. भोक बुजवायला विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवावा, असा प्रस्ताव जून १९९५ मध्ये मतदारांपुढे आला. त्यांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. चूक अधिकाऱ्यांची, भुर्दंड आम्हाला का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त, पण जादा व्याजाचे फायदे त्यांनीही वर्षानुवर्षे घेतले होते. मग नोकऱ्या कापल्या गेल्या, इतर निधी वळवले गेले, नवे कर्जरोखे काढले गेले. सर्वाधिक झळ बसली ती सरकारी मदतीवर अवलंबून असलेल्या गरिबांना. बंगल्यांतल्या लोकांना ती फारशी जाणवली नाही. जून १९९६ मध्ये काउंटी दिवाळखोरीतून बाहेर पडली. १९९८ मध्ये मेरिल लिंच या दलाली पेढीने तडजोडीदाखल ४० कोटी डॉलर दिले. या दिवाळखोरीपायी काढलेले कर्ज फिटायला मात्र २०१७ साल उजाडले.

जादा व्याजाच्या मोहाने पतपेढीत पुंजी ठेवून ती गमावणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत. ऑरेंज काउंटीत हेच गावकीच्या पैशाबाबत घडले. प्रदेश श्रीमंत असला म्हणून त्याची तिजोरी भक्कम असतेच असे नाही. कर भरायचा नाही, सोयी मात्र हव्यात, असे सगळ्यांनी ठरवले की ती भरून काढायला कोणीतरी जुगार खेळतो. तो जिंकत असतो तोवर त्याला हुशार म्हणतात. आपल्या नगरपालिकेच्या ठेवी कुठे आहेत, त्यांवर व्याज किती मिळते आणि ते इतरांपेक्षा जास्त असेल तर का, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ऑरेंज काउंटीत हा प्रश्न विचारला गेला होता. त्याचे उत्तर ऐकून घ्यायला मात्र कोणी थांबले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)