गिनीपिग, सांबार आणि कूटचा वेढा



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. पुण्याहून माईनं फोन करून विचारलं की तब्येत बरी आहे ना. माझी बरी आहे. घरात आजारी होता तो लाडू, म्हणजे आमच्या नातवाचा गिनीपिग.

तर झालं असं. नातवाच्या नवव्या वाढदिवसाला त्याच्या मामानं नागपूरहून हा प्राणी आणून दिला. पांढरा-तपकिरी, बिनशेपटीचा, दोन मुठींएवढा. आता पाहुणा आला म्हणजे त्याला पोटभर खाऊ घालायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. भिजवलेले चणे, पोळीचे तुकडे, कधी भात. तोही आवडीनं खायचा. महिनाभरानं त्याचं खाणं कमी झालं. मागचे पाय ओढत चालू लागला. हातात घेतलं की चीं चीं करून ओरडायचा. सूनबाई म्हणाली, "बाबा, घरात अँटिबायोटिकची गोळी उरलीय, चिमूटभर पाण्यात देऊ का?" मी हो म्हणणारच होतो, पण नातू रडायला लागला म्हणून आधी जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तेच बरं झालं. पेनिसिलिनच्या जातीच्या गोळ्यांनी माणूस वाचतो, पण गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि तो दगावतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "सर, याला हिरवं काय देता?"

हिरवं काहीच देत नव्हतो. मग ते म्हणाले, "याला स्कर्व्ही झालाय." मी खुर्चीत सावरून बसलो. स्कर्व्ही हा शब्द मी पस्तीस वर्षं इतिहासाच्या तासाला उच्चारला. वास्को द गामाचे खलाशी, सुजलेल्या हिरड्या, पडणारे दात, सगळं फळ्यावर लिहून झालं. आणि तोच रोग माझ्या घरात, माझ्याच हातच्या चण्यांनी!

घरी येऊन वाचायला बसलो आणि त्या धड्याचा पुढचा अर्धा भाग आपण कधी शिकवलाच नाही हे लक्षात आलं.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला, तोही खाण्यासाठी. स्वयंपाकघरातच तो मोकळा फिरायचा आणि भाज्यांची देठं, गवत, पाला खायचा. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. ना तो गिनीतला, ना डुकराच्या जातीतला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे क्षय, घटसर्प अशा रोगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत त्याचा उपयोग सुरू झाला.

१९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश नावाचे दोघे शास्त्रज्ञ खलाशांच्या बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगला नुसतं धान्य आणि पाव खाऊ घातला. व्हायला हवा होता बेरीबेरी, झाला स्कर्व्ही. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की तो टळायचा. गंमत बघा, उंदीर, कुत्रा, गाय, बकरी हे सगळे क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस करू शकत नाही आणि गिनीपिगही करू शकत नाही. त्यांनी उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं.

आता यात आपला मराठी माणूस कुठे येतो ते सांगतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, टायग्रिस नदीच्या वळणावर कूट-अल-अमारा नावाचं गाव आहे. जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोकणाकडची पोरं. गोरे शिपाई मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस खात होते. त्यांना बेरीबेरी झाला, पण स्कर्व्हीचा त्रास फारसा झाला नाही. आपले शिपाई कोंड्यासकट आटा खात होते, म्हणून बेरीबेरीतून सुटले. पण घोड्याचं मांस त्यांतल्या बहुतेकांनी बराच काळ नाकारलं आणि भाजी मिळेना, म्हणून स्कर्व्हीनं गाठलं. एकाच गावात, एकाच वेढ्यात, ताटाप्रमाणे रोग वेगळे! शेवटी शरणागती झाली आणि त्यातले कितीतरी कैदेत मेले. मराठा पलटणींचं शौर्य आपण मोठ्या आवाजात शिकवतो. त्यांच्या हिरड्यांबद्दल मी वर्गात कधी बोललो नाही.

त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी बायका गिनीपिगवर प्रयोग करत होत्या. पुरुष बरेचसे युद्धावर गेलेले. वाळवंटातल्या फौजेला ताजी भाजी पोचवायची कशी, हा प्रश्न होता. त्यांना आढळलं की कोरड्या डाळीत, कडधान्यात स्कर्व्ही टाळणारं काही नसतं, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की ते तत्त्व तयार होतं. म्हणजे आपली मोडाची मटकी! शिपायाच्या शिध्यात कडधान्य होतंच, फक्त ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस थांबायचं होतं. आणि मी लाडूला काय देत होतो? रात्री भिजवलेले, सकाळी बिनमोडाचे चणे. (आमच्या सौ. म्हणाल्या, "मोड आणायला मी होते की, विचारलंत का कधी?" असो.)

पुढे १९३२ च्या सुमारास हंगेरीत सेंट-ज्यॉर्जी यांनी क जीवनसत्त्व ओळखलं तेही गिनीपिगच्याच साक्षीनं, आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता लाडूकडे येतो. डॉक्टरांनी क जीवनसत्त्वाचे थेंब दिले आणि चणे, पोळी, भात बंद केलं. मुख्य खाणं सुकं गवत आणि हराळी, ते दिवसभर समोर हवंच. रोज मूठभर हिरवा पाला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात (सांबर वेगळं, ते ताडोब्यात), तर सांबार त्याला फार आवडतो. ढोबळी मिरचीचा तुकडा चालतो. पालक कधीमधी, कोबी थोडाच, नाहीतर पोट फुगतं. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. नवा पाला एकदम पोटभर द्यायचा नाही, चिमटीपासून सुरुवात, कारण या प्राण्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं.

हे ऐकून नातू उत्साहात. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ओंजळभर पानं घेऊन आला. "आबाजी, गाजराची पानं आणली!" मी चष्मा लावून पाहिलं तर गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम दिसलेलं हे तण आज आमच्या चंद्रपूरच्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहे. कोवळं असताना पान खरंच गाजरासारखं दिसतं. माणसाच्या अंगाला खाज सुटते, गुरांनाही ते विषारी. मी ते पाल्यासकट बाहेर टाकलं आणि पोराचे हात साबणानं धुवायला लावले. मग दोघं घराभोवती फिरलो. ही घाणेरी, गुरांचं लिव्हर बिघडवते. हा बेशरम. हा धोतरा. ही रुई. यातलं काही नाही. वावराच्या बांधावरचं गवतही नको, हल्ली तणनाशक फवारलेलं असतं.

तरोटा दिसला तसा नातू म्हणाला, "हा तर आजी करते!" करते, पण उकडून. गुरं तरोट्याला तोंड लावत नाहीत. गडचिरोलीकडे नोकरीला होतो तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आईनं बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, कसे चिरायचे, भिजवायचे, उकळून पाणी टाकून द्यायचं ते दाखवलं होतं. मी विचारलं, कच्चे खाल्ले तर? ती नुसती हसली. त्या माउलीला शाळा माहीत नव्हती, पण कोणतं पान कोणत्या महिन्यात, कोणासाठी आणि किती शिजवून, हे सगळं पाठ होतं. आमच्या घरात ते माझ्या आईपर्यंत होतं. मला निम्मं येतं.

लाडू आता चारही पायांवर चालतो, डावा मागचा अजून थोडा ओढतो. पावसात सांबाराची जुडी महाग होते म्हणून परसात धणे पेरलेत. सहा दिवस झाले, अजून वर आले नाहीत. नातू रोज सकाळी माती उकरून बघतो, त्यामुळे येतील असं वाटत नाही.