पाठीवरचे बिऱ्हाड

संगणकावर काम करीत गावोगाव हिंडणाऱ्यांचा इतिहास बहुधा १९८३ च्या सप्टेंबरपासून सांगितला जातो. त्या महिन्यात स्टीव्हन रॉबर्ट्स हा अमेरिकन लेखक ओहायोतील कोलंबसहून सायकलवर निघाला. उपनगरातील घर आणि ते राखण्यासाठी करावी लागणारी कामे यांना तो विटला होता. सायकलवर सौरफलक होते आणि सामानात त्याच वर्षी बाजारात आलेला, वहीएवढा 'मॉडेल १००' संगणक. पडद्यावर आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरे. चार पेन्सिल सेलवर तो चाले. वाटेत सार्वजनिक टेलिफोन गाठायचा आणि तारेवरून कॉम्प्युसर्व्हकडे मजकूर धाडायचा. वेग सेकंदाला तीसेक अक्षरांचा, म्हणजे बारा हजार अक्षरांच्या लेखाला सहा-सात मिनिटे. दीड वर्षात सुमारे दहा हजार मैल झाले. १९८८ मध्ये 'कम्प्यूटिंग अक्रॉस अमेरिका' हे पुस्तक निघाले.

लेखकाने हिंडावे आणि मजकूर मागे धाडावा, यात नवे काही नव्हते. १८६७ च्या समुद्रप्रवासात मार्क ट्वेनचे भाडे एका वृत्तपत्राने भरले होते, ते त्याच्या पत्रांच्या मोबदल्यात. रॉबर्ट्सच्या बाबतीत तार दोन्ही दिशांनी चालत होती, एवढाच फरक. पण तो लहान नव्हे. कारण संपादकाची मागणीही आता वाटेतच गाठू शकत होती.

रॉबर्ट्सने घर सोडले, हे विधान मात्र आपण जपून वाचले पाहिजे. त्याचे टपाल आणि व्यवहार पाहणारी एक सहकारी मागे कोलंबसमध्येच होती. प्रवासवर्णनांत अशी माणसे नेहमीच समासात राहतात. पुढे १९८६ च्या सायकलीत चालवता चालवता लिहिता यावे म्हणून हँडलमध्येच कळा बसवल्या गेल्या. त्यानंतरची 'बेहेमथ' तर ५८० पौंडांची, म्हणजे अडीचशे किलोंहून जड झाली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. येथे बिऱ्हाडाखाली विंचू दिसेनासा झाला.

या जीवनपद्धतीला नाव रुळले ते मात्र नंतर. १९९७ साली त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांचे 'डिजिटल नोमॅड' हे पुस्तक आले. साधनेच खिशात मावू लागल्यावर माणूस पुन्हा भटका होईल का, हा त्यांचा प्रश्न. इंग्रजीत 'नोमॅड' हा शब्द हलका, जवळजवळ स्वप्नाळू वाटतो.

मराठीत तसे नाही. रॉबर्ट्स निघाला त्याच्या तीनच वर्षे आधी, १९८० मध्ये, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' प्रसिद्ध झाले होते. गाढवांवर बिऱ्हाड लादून, फोकाच्या टोपल्या विणत गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब त्यात आहे. कामही चालू, प्रवासही चालू. व्याख्या तंतोतंत लागू पडते. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि त्याच्या पुढच्या विस्ताराने, अशा कित्येक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. १९५२ साली तो रद्द झाला. संशय तेवढ्या सहजी रद्द झाला नाही. रॉबर्ट्सला पत्ता नसणे ही चैन होती, कारण पत्त्याची जागा कॉम्प्युसर्व्हच्या खात्याने घेतली होती आणि नागरिकत्वाबद्दल कुणी विचारीत नव्हते. उपऱ्याला मुलाच्या शाळेपासून प्रत्येक ठिकाणी आधी गावच विचारले जाते.

म्हणून 'डिजिटल भटके' हा प्रतिशब्द लिहिताना आमचा हात अडखळतो. मराठीत 'भटक्या जमाती' हा शब्द आजही जातीच्या दाखल्यावर असतो, आणि तो दाखला मिळवायला आजोबांच्या गावाचा पुरावा मागतात.